भंडारा तुटला कधी?

दर 1 मेला आमच्याकडे एक हळहळ ऐकू येते. 1999 साली याच दिवशी गोंदिया वेगळा काढला आणि अखंड भंडारा जिल्ह्याचे तुकडे झाले, असे म्हणतात. हळहळणारी माणसे आपलीच आहेत, त्यांच्या मायेविषयी मला शंका नाही. पण त्यामागचा इतिहास चुकीचा आहे, आणि त्याने खरी तक्रार झाकली जाते.

मुळात ‘अखंड भंडारा’ कोणता? भोसल्यांच्या राज्यात या मुलखाचा कारभार लांजीहून चाले. 1820च्या सुमारास तो भंडाऱ्याला आला. ती लांजी आज मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात आहे. 1867 साली इंग्रजांनी भंडारा, मंडला आणि सिवनीचे भाग काढून बालाघाट जिल्हा उभा केला. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि दोन जिल्ह्यांमधली रेघ दोन राज्यांची सीमा झाली. बावनथडीच्या अलीकडे चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणी, पलीकडे तिरोडीच्या; मँगनीज तेच, राज्ये वेगळी. जुने ठाणेच परराज्यात गेले, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. गोंदिया निदान महाराष्ट्रात तरी आहे.

फाळणी निव्वळ राजकारणासाठी झाली, असाही आक्षेप घेतात. राजकारण असेलही. पण सालेकशाच्या शेतकऱ्याला विचारा. कलेक्टर कचेरीत एक अर्ज द्यायचा तर शंभरावर किलोमीटर यायचे. रेल्वेने आला तरी वरठीला उतरून पुढे भंडाऱ्याची वाट धरायची. दिवस जायचा, मजुरी बुडायची, आणि साहेब दौऱ्यावर असले तर पुन्हा फेरा. भंडाऱ्याच्या अभिमानापायी त्याने हे जन्मभर का सोसायचे?

आपल्याला बांधून ठेवणारे धागे कचेरीत कधीच नव्हते. इटियाडोह धरण अर्जुनी मोरगाव तालुक्यात, म्हणजे गोंदियात. त्याचे पाणी लाखांदूरच्या बांध्यांत येते आणि गडचिरोलीतल्या वडशाकडेही जाते. लोकसभेला भंडारा-गोंदिया मतदारसंघ आजही एक आहे. (आमगाव मात्र गडचिरोली-चिमूरला जोडले, तो अन्याय वेगळा.) दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, झाडीपट्टीचे नाटक लागते, तेव्हा उजाडेपर्यंत मांडी घालून बसलेल्यांना कुणी जिल्हा विचारत नाही.

मोडले ते दुसरेच. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या खपून तलाव बांधले. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारी झाले आणि त्यांचे नाव पडले माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव. पाळ कोणी दुरुस्त करायची, पाणी कोणाच्या बांधीत आधी सोडायचे, हे ठरवणारी गावची रीत विस्कटली. गाळ साचत गेला, तलावाच्या पोटात शेते शिरली. पावसाने दगा दिला की निसवणाऱ्या धानाला शेवटचे पाणी याच तलावांतून मिळायचे. आणि ही मोडतोड सुरू झाली ती भंडारा आणि गोंदिया एकत्र असताना. गोंदियावाल्यांनी ती केलेली नाही.

1 मेला गावोगाव ग्रामसभा भरते. यंदा त्या सभेत जा आणि विचारा: आपल्या मामा तलावातला गाळ कधी निघणार, आणि पाळ कोण बांधणार?