कणकेची बाहुली

महालक्ष्म्या उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, १३ सप्टेंबर २०२४ ला, ‘तुंबाड’ पुन्हा चित्रपटगृहांत लागला. मी राळेगावहून लेकीकडे नागपूरला गेले होते आणि तिनं तिकिटं आधीच काढून ठेवली होती. १२ ऑक्टोबर २०१८ ला हा चित्रपट पहिल्यांदा आला, तेव्हा मला सिनेमा सुचण्यासारखे दिवसच नव्हते. आमच्या तालुक्यात तेव्हा वाघिणीची दहशत होती, बाया वेचणीला शेतात जायला तयार नव्हत्या. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ ती वाघीण मारली गेली, तोवर बोंडं फुटून कापूस खाली लोंबत होता.

सहा वर्षांनी चित्रपट पाहिला आणि मनात राहिली ती कणीक. चित्रपटाचा नायक विनायक विहिरीत दोरावरून उतरतो, पिठाचं रिंगण घालतो आणि कणकेची बाहुली हस्तरपुढे टाकतो. हस्तर ती खात असेल तेवढ्याच वेळात त्याच्या लंगोटातल्या मोहरा झाडून घ्यायच्या. मी रोज कणीक मळते. ती सैल झाली की आकार धरत नाही, घट्ट झाली की तडकते, हे हातालाच कळतं. एवढा मोठा हव्यास दिग्दर्शकानं माझ्या परातीतल्या कणकेवर उभा केलाय, हे पाहून मी खुर्चीत सरसावून बसले. त्या कथेतली देवता समृद्धीची आहे. तिच्या पहिल्या मुलाला, म्हणजे हस्तरला, सोनं मिळालं, पण धान्याला हात घालायला गेला तेव्हा देवांनी त्याला अडवलं. म्हणून त्याच्याजवळ सोनं खंडीभर आणि पोटात आग.

आम्ही कापूसवाले हे ऐकून गप्प होतो. कापूस खाता येत नाही.

२०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला १०,००० रुपयांच्या पुढे गेला. पुढच्या हंगामात माझ्या भासऱ्यांनी वेचलेला सगळा कापूस घरात भरला. आधी मागची खोली, मग माजघर, मग देवघराच्या दारापर्यंत. सरकीसकट कापूस घरात साठला की बारीक किडे होतात, अंगाला खाज सुटते. माझी मोठी जाऊ पोरांना घेऊन ओसरीत निजायची आणि सकाळी त्यांच्या पाठीला खोबरेल लावायची. भासरे रोज सकाळी मोबाइलवर भाव पाहायचे. “थांबा ना, दहाच्या वर जाते,” असं म्हणायचे. डिसेंबरात ते म्हणाले, जानेवारीत म्हणाले, होळीलाही म्हणाले. पांढराशुभ्र कापूस पिवळसर पडत गेला. मे महिन्यात गाडी भरली तेव्हा भाव ७,००० च्या आसपास होता. दुकानातून उधारीवर आणलेल्या गव्हाचे पैसे त्यातूनच चुकते झाले. भासरे वाईट नाहीत, लोभीही नाहीत. एका वर्षीचा आकडा त्यांच्या डोळ्यांत जाऊन बसला होता, एवढंच. आजही महालक्ष्म्या बसवायला ती खोली झाडली की कोपऱ्यातून रुईचे धागे निघतात.

म्हणून संपत्तीच्या वेडाची कादंबरी पडद्यावर आणणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. वाडा बांधणं सोपं आहे, दागिने आणि झुंबरं भाड्यानं मिळतात. वेड मात्र त्या माणसाच्या रोजच्या कामात असतं. तो पहाटे उठून काय मोजतो, कुठं जातो, कोणाला थांबवून ठेवतो आणि घरातलं कोण त्याच्यापायी ओसरीत निजतं, हे दाखवलं नाही तर कादंबरी पडद्यावर आलीच नाही.

अमेरिकेतल्या ‘द ग्रेट गॅट्सबी’चं असंच झालं, असं माझं मत आहे. फिट्झजेराल्डची ही कादंबरी १९२५ ची. तिच्यावर बरेच चित्रपट झाले. २०१३ चा आपल्याकडे पाहिला गेला, कारण त्यात अमिताभ बच्चन होते. कादंबरीत गॅट्सबीच्या मेजवान्यांचं वर्णन करताना लेखक संत्र्या-लिंबांच्या पेट्यांपाशी थांबतो. त्या शुक्रवारी येतात आणि सोमवारी नुसत्या सालांचा ढीग मागच्या दारानं बाहेर पडतो. स्वयंपाकघरात रस काढायचं यंत्र आहे आणि एका नोकराचा अंगठा त्याचं बटण दाबत राहतो. श्रीमंतीबद्दल याहून नेमकं कोणी काय लिहावं? चित्रपटातून मला आठवते ती आतषबाजी. त्याला दोन ऑस्कर मिळाले, वेशभूषेला आणि कलादिग्दर्शनाला. दोन्ही हक्काचे होते. पण तो नोकर माझ्या डोळ्यांपुढे पुस्तकातूनच उभा राहिला.

‘तुंबाड’ कुठल्या कादंबरीवर बेतलेला नाही, हे इथं स्पष्ट सांगायला हवं, कारण गैरसमज फार आहे. माझ्या लेकीच्या मैत्रिणींनाही तो श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वर काढलाय असं वाटतं. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी नाव तेवढं त्या कादंबरीतून घेतलं. बीज नारायण धारपांच्या एका कथेचं. ती बर्व्यांना १९९३ मध्ये एका मित्रानं सांगितली, तीही आमच्या विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात. पुढं त्यांनी चित्रपटाची ७०० पानांची चित्रसंहिता (स्टोरीबोर्ड) काढली. जंगलात ऐकलेली गोष्ट माणूस पंचवीस वर्षं उराशी धरतो, तेव्हा कणकेची बाहुली सुचते. घाईनं हक्क विकत घेऊन, नट ठरवून, मग पटकथा लिहायला बसलं तर सुचत नाही.

आणि खरी कादंबरी? ती १९८७ मध्ये आली. दोन खंड, हजारावर पानं, कोकणातल्या जगबुडी नदीच्या काठचं खोतांचं घराणं आणि त्याच्या चार पिढ्या. गावातल्या वाचनालयातून मी पहिला खंड आणला तेव्हा कार्डावर माझ्या आधीच्या वाचकाची तारीख बरीच जुनी होती. आता ‘तुंबाड’चं नाव घरोघरी झालं आहे, तर हीच वेळ आहे ही कादंबरी पडद्यावर आणायची. पण अडीच तासांत कोंबू नका. चार पिढ्यांना मालिकाच हवी, निवांत, दहा-बारा भागांची.

एक आग्रह मात्र सोडू नका. खोत दाखवाल तेव्हा कूळ दाखवा. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मधला माणूस. अर्धेल म्हणजे पिकाचा अर्धा वाटा, तिर्धेल म्हणजे तिसरा, तो खोताच्या अंगणात येऊन पडायचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, ते याच वाट्यामुळे. कायदा झाला तो १९४९ मध्ये. खोतांचा वाडा, त्यांचे तंटे, त्यांचं प्रेम आणि त्यांचा माज या सगळ्याच्या खाली ते भात आहे. कॅमेरा वाड्याच्या दिंडी दरवाजातून आत शिरायच्या आधी अंगणात भात मोजणाऱ्या माणसाच्या हातावर थांबला पाहिजे.

आणि मराठीत करा. ‘तुंबाड’ची माणसं मराठी, गाव मराठी, बीज मराठी आणि बोली हिंदी. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला साहित्य अकादमीचा मान मिळाला, त्यात आमच्यासारख्याच शेतकऱ्याचं घर आहे, पण त्यावरचा चित्रपटही हिंदीतच निघाला. पैसे हिंदीत मिळतात हे मला कळतं. तरी भासरे “थांबा ना, दहाच्या वर जाते” म्हणतात, त्यातला तो ‘ना’ हिंदीत कसा आणणार? सहा महिने घर त्या एका ‘ना’वर थांबलं होतं.

दिवाळीत लेकीनं भासऱ्यांना टीव्हीवर ‘तुंबाड’ लावून दिला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला, मध्ये चहालाही उठले नाहीत. संपल्यावर एवढंच विचारलं, “पोराला काहून घेऊन गेला त्या विहिरीत?” जाऊबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसले आणि त्या आत गेल्या.