मोटारीचें वजन आणि अंबाडीचा वाख

आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें परवां आम्हांस एक प्रश्न विचारिला. त्याच्या थोरल्या भावानें जुनी मोटार घेतली आहे. ती हलकी व्हावी आणि तिला पेट्रोल कमी लागावें म्हणून दारांच्या आंतील फळ्या व पायांखालचें अस्तर काढून टाकण्याचा त्याचा बेत आहे. "सर, हें करणें योग्य काय?" हाच प्रश्न आणखीही तरुणांच्या मनांत घोळत असेल, म्हणून त्याचें उत्तर येथें सर्वांसच देत आहों.

वजनाविषयींची त्याची समजूत बरोबर आहे. गाडी जितकी जड, तितकी ती जागेवरून हलविण्यास व घाट चढविण्यास अधिक शक्ति खर्चावी लागते. वजन शेंकडा १० नें घटविलें तर तितक्याच इंधनांत गाडी शेंकडा ६ ते ८ नें अधिक मजल मारूं शकते, असा अमेरिकेच्या ऊर्जाखात्याचा हिशोब आहे. विजेच्या गाडींत तर बॅटरीच इतकी जड असते कीं, इतरत्र वांचविलेला प्रत्येक किलो मोलाचा ठरतो.

चूक घडते ती यापुढें. दाराची आंतील फळी ही केवळ शोभेची वस्तु नव्हे. तिच्यामागें पत्र्याच्या धारदार कडा, कांच वरखालीं करण्याचें यंत्र व विजेच्या तारा असतात. बाजूनें धडक बसल्यास प्रवाशाच्या अंगास सांवरणारी मऊ भरणीही पुष्कळ गाड्यांत तेथेंच असते. शिवाय फळीनें चटकन पेट घेतां कामा नये. अमेरिकेंत १९७२ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणें गाडीच्या आंतील अशा साहित्यावर ज्वाळा मिनिटास १०२ मिलिमीटरांहून अधिक वेगानें पसरतां कामा नये. फळीच्या जागीं थर्मोकोल किंवा पातळ प्लायवूड ठोकणारा अशी परीक्षा कोठें करितो?

मग हलकें आणि सुरक्षित द्रव्य कोणतें? पोलादाचें विशिष्टगुरुत्व सुमारें ७.८, ॲल्युमिनियमचें २.७, कांचतंतूंचें २.५, कार्बनतंतूंचें १.८ आणि अंबाडीच्या वाखाचें सुमारें १.४ आहे. कार्बनतंतु अत्यंत बळकट खरे, पण तितकेच महाग. ज्या फळीवर भार पडतच नाहीं तेथें ते वापरणें म्हणजे पायपुसण्यासाठीं पैठणी फाडण्यासारखें आहे.

जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीनें २०१३ ते २०२२ या काळांत बनविलेल्या आय-३ या विजेच्या मोटारींत हा विवेक दिसून येतो. धडकेचा भार सोसणारा प्रवाशांभोंवतींचा सांगाडा कार्बनतंतूंचा केला, आणि दारांच्या आंतील फळ्यांत केनाफ नांवाच्या वनस्पतीचे तंतु घातले. हें केनाफ म्हणजे आपली अंबाडीच! इंग्रजींत तिला 'डेक्कन हेम्प', म्हणजे दख्खनचा ताग, असेंही नांव आहे.

ही फळी बनते कशी? अंबाडी पाण्यांत कुजवून वाख सोडवितात. तो पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या धाग्यांत मिसळून त्याचा नमदा करितात, आणि तो तापवून सांच्यांत दाबितात. हें प्लास्टिक सुमारें १६५ अंशांवर वितळतें. वाख सुमारें २०० अंशांपलीकडे करपूं लागतो. म्हणून या दोहोंची जोडी जमते. वाखांत दोषही आहेत. तो ओल शोषितो, आणि नीट न सुकविल्यास त्यास वास येतो. म्हणून कारखान्यांत त्याची कसून परीक्षा करावी लागते.

यावरून आमचें मत असें कीं, द्रव्याची निवड केवळ तराजूनें करूं नये. त्यास कोणतें काम करावयाचें आहे, हें आधीं पाहावें. त्या विद्यार्थ्यास आम्हीं सांगितलें, "फळ्यांस हात लावूं नका. डिकींतील निरुपयोगी ओझें काढा आणि चाकांत हवा योग्य ठेवा." पालकांनींही मुलांस असे उद्योग करूं देण्यापूर्वीं जाणत्या कारागिरास विचारावें.

आणि ज्या मुलांस घरच्या शेतांतील अंबाडीचा उल्लेख करण्यास संकोच वाटतो, त्यांनीं तो टाकून द्यावा. ज्या वाखाचे दोर त्यांच्या आजोबांनीं वळिले, त्याच जातीचा वाख आज इंजिनीयरांच्या अभ्यासाचा विषय झाला आहे.