आमदार बदलले, भावाचे काय?



सातपुड्याच्या पायथ्याचा अचलपूर मतदारसंघ कुणाच्या दावणीला बांधलेला नाही. १९८९ साली अमरावतीने कम्युनिस्ट सुदामकाका देशमुखांना लोकसभेत धाडले. अचलपुरातून बच्चू कडू २००४ पासून सलग चार वेळा निवडून आले. २०२४ ला भाजपचे प्रवीण तायडे. माणसे बदलली, पऱ्हाटीचा हिशेब तोट्यातच राहिला.

ऑगस्ट २०२५ मध्ये, आमचा कापूस अजून शेतात उभा असताना, केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले. ते रोखणे आमदाराच्या हाती नव्हते. म्हणून आम्ही म्हणतो, विधानसभेला माणूस पाहा, पण लोकसभेचे मत मागायला येणाऱ्याला आधी विचारा, "वेचणीच्या तोंडावर आयात उघडाल काय?" जो उत्तर टाळेल, त्याला उंबऱ्यावरूनच रामराम!