विश्लेषण : जनुक आणि आजाराची जोडी लावणारी वेब-साधने काय सांगतात? सिकलसेलच्या उदाहरणातून समजून घ्या

नाशिक : सुरगाणा, पेठ, कळवण या आदिवासी तालुक्यांना सिकलसेल नवा नाही. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. त्यासाठी २०४७ चे लक्ष्य आहे. या आजारावर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी आधी इंटरनेटवर शोधतो, की कोणते जनुक कोणत्या आजाराशी जोडलेले आहे? त्यासाठी मोफत साधने आहेत, पण प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते. असे का?

'मेश' म्हणजे काय?
एकाच आजाराला कोणी 'सिकलसेल ॲनिमिया' म्हणते, कोणी 'हिमोग्लोबिन एस डिसीज'. हा गोंधळ टाळण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९६० मध्ये 'मेश' ही ठरावीक वैद्यकीय संज्ञांची सूची आणली. 'पबमेड'वरील शोधनिबंध या संज्ञांनी शोधता येतात.

साधनांमध्ये फरक काय?
- जीन-टू-मेश : मिशिगन विद्यापीठात विकसित झालेले साधन. जनुक आणि संज्ञा किती निबंधांत एकत्र येतात, याची संख्याशास्त्रीय मोजणी करण्यासाठी ते तयार झाले.
- सीटीडी : तज्ज्ञांनी निबंध वाचून केलेली नोंद आणि एखाद्या रसायनाच्या दुव्यावरून काढलेला अंदाज वेगवेगळे दाखवते.
- ओमिम : आनुवंशिक आजारांचा तज्ज्ञांनी लिहिलेला कोश. नोंदी कमी, पण सविस्तर.

गफलत कुठे होते?
सिकलसेल 'एचबीबी' या जनुकातील बदलामुळे होतो. मात्र निबंधांची मोजणी केली, तर याच जनुकापुढे मलेरियाही दिसू शकतो. कारण सिकलसेलच्या वाहकांना गंभीर मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते आणि त्यावर भरपूर लिहिले गेले आहे. म्हणजे संबंध खरा, पण 'एचबीबी'मुळे मलेरिया होतो, हा अर्थ चुकीचा.

'बीसीएल११ए'चेही तसेच. हे जनुक सिकलसेलचे कारण नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेली 'कॅसजेव्ही' ही जनुकीय उपचारपद्धती मात्र त्याच्यावरच काम करते.

मग वापरायचे कसे?
मोजणीच्या साधनातून यादी मिळवावी. 'सीटीडी'मध्ये नोंद थेट आहे की अंदाज, ते पाहावे. कारण 'ओमिम'मध्ये तपासावे आणि शेवटी मूळ निबंध वाचावा.

सामान्यांना याचे काय?
'मेश'मध्ये सिकलसेलचा आजार आणि वाहक अवस्था या दोन वेगळ्या संज्ञा आहेत. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. मात्र आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. या दोन संज्ञांची सरमिसळ झाली, तर ठणठणीत तरुणावर आजारी असल्याचा शिक्का बसू शकतो. म्हणूनच निदान रक्ततपासणीनेच करावे. वेब-साधनांच्या यादीवरून नव्हे.