घरातून ऑफिसचा संगणक : सोय कोणती, धोका कोणता?

पोळा आणि गोटमारीला पांढुर्ण्यात आलेली मुले पूर्वी लगेच नागपूर-पुण्याची गाडी धरत. आता त्यातली काही आठ-पंधरा दिवस थांबतात. वरच्या खोलीत लॅपटॉप उघडला की त्यांचे ऑफिस सुरू. सौंसरकडेही तेच. घरातले ज्येष्ठ विचारतात, ऑफिसचा संगणक पुण्यात आणि मुलगी इथे, मग काम होते कसे? आमची नोकरी बँकेत गेली, म्हणून बँकेच्याच उदाहरणाने सांगतो.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली आणि घरून काम करणे ही गरज झाली. बँकांच्या शाखा तेव्हाही उघड्या होत्या, कारण रोकड घरून मोजता येत नाही. माहिती-तंत्रज्ञानाचे काम मात्र घरून होऊ शकत होते. पुढे ५ नोव्हेंबर २०२० रोजी केंद्राच्या दूरसंचार विभागाने कॉल सेंटरसारख्या सेवांचे नियम सैल केले आणि घरून काम करण्याची वाट कायमची मोकळी केली.

यात घडते ते असे. ऑफिसचा संगणक तिथेच चालू असतो. त्याच्या पडद्याचे चित्र इंटरनेटवरून घरी येते आणि आपण दाबलेली बटणे तिकडे जातात. फाईल ऑफिसातच राहते. मधला रस्ता 'व्हीपीएन' नावाच्या बंदिस्त वाटेने जातो, म्हणजे वाटेत कोणी डोकावले तरी त्याला काही वाचता येत नाही. आत जाताना पासवर्ड लागतो आणि शिवाय मोबाईलवर आलेला कोडही. आमच्या शाखेची स्ट्राँगरूम दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्यांशिवाय उघडत नसे, तसेच हे.

धोका सुरू होतो तो हेच दार उलट्या बाजूने उघडले की. मुलगी परवानगी घेऊन ऑफिसचा संगणक उघडते. ठग मात्र आपल्याच हातून आपला मोबाईल उघडवतो. 'वीजबिल भरलेले नाही, आज रात्री लाईन कापू' किंवा 'केवायसी अपडेट करा' असा फोन येतो आणि एखादे ॲप टाकायला सांगतात. ॲप सुरू झाल्यावर येणारा कोड सांगितला आणि परवानगी दिली, की आपला पडदा त्याच्यासमोर उघडा पडतो. मग ओटीपी तोंडाने सांगावाही लागत नाही, तो दिसतोच. 'एनीडेस्क' वापरून होणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. ॲप स्वतः वाईट नाही. ऑफिसचे तंत्रज्ञ त्यानेच संगणक दुरुस्त करतात. दार कोणी आणि कोणाच्या सांगण्यावरून उघडले, हे महत्त्वाचे.

नुकसान कोणाचे, हेही समजून घ्यावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने हिशेब असा ठरवला : चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि बँकेचा संदेश आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर बोजा नाही. पण ग्राहकानेच पासवर्ड-ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचेच. कळवल्यानंतर पुन्हा पैसे गेले, तर ते बँकेच्या माथी. म्हणून लाजेपायी गप्प बसू नये. इंटरनेट बंद करावे, ताबडतोब बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. उशीर झाला की पैसा चार खात्यांतून फिरून निघून जातो.

मुलांनाही एक सांगणे आहे. ऑफिसचा लॅपटॉप लहान भावंडांना खेळायला देऊ नका आणि ऑफिसला न विचारता त्याच्या संगणकावर असले ॲप टाकू नका. तिथे ग्राहकांची माहिती असते. एका चुकीने नोकरी जाऊ शकते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. कार्यालये आली, पण शिकलेल्या मुलांसाठी पुरेशा नोकऱ्या अजून इथे नाहीत. घरून काम करण्याच्या सोयीने निदान काही मुले आई-वडिलांजवळ राहू लागली आहेत. ही सोय टिकायला हवी. तेव्हा घरी आलेल्या मुलांनी एका संध्याकाळी आजी-आजोबांचा मोबाईल हातात घ्यावा, अनोळखी ॲप काढून टाकावे आणि ठगाचा फोन कसा असतो ते बोलून दाखवावे. अर्ध्या तासाचे काम आहे.