किरकोळ गैरसोयी आणि सार्वजनिक जबाबदारी

कार्यकर्त्यांच्या बैठकीत महागाई, बेकारी आणि जमीन या प्रश्नांना विषयपत्रिकेवर हक्काचे स्थान असते. पावसाळ्यात हात लावताच झटका देणारी पत्र्याची भिंत, गॅसची चिरलेली नळी, फलाट आणि गाडी यांमधली पोकळी यांना मात्र आयत्या वेळच्या विषयांतही जागा मिळत नाही. या गोष्टी ज्याच्या त्याने सांभाळाव्यात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती तपासून पाहिली पाहिजे. कारण अपघात घडला की याच समजुतीच्या आधाराने जबाबदार यंत्रणा हात झटकून मोकळ्या होतात.

प्रथम घरातला प्रश्न. तीन पिनांच्या प्लगमधील एक पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब व जाड असते. प्लग बसवताना ती आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी, अशी ही योजना आहे. उपकरणाच्या धातूच्या आवरणात वीज उतरली तर ती माणसाच्या शरीराऐवजी या पिनेवाटे जमिनीत जावी, हा तिचा हेतू. परंतु पिनेमागे अर्थिंगची तारच नसेल तर सारी योजना व्यर्थ ठरते, आणि जुन्या चाळींत व झोपडपट्ट्यांत पुष्कळ ठिकाणी हीच स्थिती आहे. ३० मिलिअँपिअर गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण नव्या इमारतींत बसवले जाते. जेथे जमीन ओली आणि भिंत पत्र्याची, तेथे ते क्वचितच दिसते. धोका सर्वाधिक तेथेच संरक्षण सर्वांत कमी, असा हा उलटा न्याय आहे. दुर्घटनेनंतर ‘ओल्या हाताने बटण दाबले’ असे कारण सांगितले जाते. भांडी घासणाऱ्या आणि कपडे धुणाऱ्या स्त्रीचे हात ओले असायचेच. त्याला निष्काळजीपणा म्हणणे हा तिच्या श्रमाचा अपमान आहे.

घराबाहेर पडल्यावरही हाच न्याय तिची पाठ सोडत नाही. मुंबईतील परळ आणि एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) या स्थानकांचे उदाहरण घेता येईल. गिरण्या चालू होत्या तेव्हा असंख्य कामगार भोवतालच्या चाळींतून पायी कामावर जात. १९८२ च्या संपानंतर गिरण्या क्रमाक्रमाने बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले आणि तेथे काम करणारी माणसे विरार, कल्याण, बदलापूरहून येऊ लागली. जमिनीचे भाव वाढले. स्थानकाचा जिना मात्र होता तेवढाच अरुंद राहिला. त्यावरची रोजची रेटारेटी प्रवाशांनी वर्षानुवर्षे सोसली, तक्रारीही केल्या. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पावसामुळे माणसे तेथे थबकली आणि चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. त्यानंतर लष्कराने उभारलेला नवा पूल २७ फेब्रुवारी २०१८ रोजी खुला झाला. पाच महिन्यांत जे होऊ शकले ते आधी का झाले नाही, याचे उत्तर स्थापत्यशास्त्रात सापडणार नाही.

माणसाने स्वतः जपू नये, असा याचा अर्थ कोणी काढू नये. पण जपण्याला मर्यादा आहेत, हे कायद्यानेही मान्य केले आहे. रेल्वे अधिनियमाच्या कलम १२४-अ प्रमाणे भरपाईसाठी रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. गाडीत चढता-उतरताना झालेली दुखापत वा मृत्यू भरपाईस पात्र आहे, केवळ प्रवाशाचा निष्काळजीपणा दाखवून ती नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०१८ च्या निकालात स्पष्ट केले. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूची भरपाई ८ लाख रुपये आहे आणि रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. किती कुटुंबांपर्यंत ही माहिती कार्यकर्त्यांनी पोचवली आहे?

गोरेगावच्या नळाला पाणी नसणे हीदेखील एके काळी बायकांची रोजची कटकटच होती. मृणाल गोरे यांनी तिचे सार्वजनिक प्रश्नात रूपांतर केले, म्हणून लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले. १९७२ नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या स्त्रियांनी स्वयंपाकघराची अडचण थेट सत्तेच्या दारात नेली. तो वारसा केवळ स्मृतिदिनी आठवण्यासाठी नाही.

प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील घरे मोजावीत: किती घरांत अर्थिंग आहे, गॅसच्या किती नळ्यांची त्यांच्यावरच छापलेली मुदत उलटली आहे. ग्राहकाच्या जागेत वीज जेथे पोचते तेथे अर्थिंगचे टोक देणे ही विद्युत सुरक्षा नियमांनुसार वीजपुरवठादाराची जबाबदारी आहे. ती लेखी मागणी करून वसूल करावी. आणि जवळच्या स्थानकाचा जिना गर्दीच्या वेळी किती माणसे पेलतो, याची नोंद बळी जाण्याआधीच रेल्वेच्या टेबलावर ठेवावी.