कालव्याकाठी सायकलमार्ग : हक्क द्यावा, पण मुदतीचा

मुठा उजव्या कालव्याच्या काठाने सायकलमार्ग व्हावा, ही पुण्यातली जुनी मागणी. खडकवासल्याहून निघालेला हा कालवा शहर ओलांडून हडपसरकडे जातो. कालव्याचे पाणी अगदी मंद उताराने वाहायचे म्हणून तो जवळजवळ समपातळीवर खोदलेला. त्यामुळे काठाला चढ नाही. शाळकरी मुलगी, कामावर निघालेला मजूर किंवा गुडघे दुखणारे आजोबा, कुणालाही झेपेल अशी ही वाट आहे. सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यात बस आणि डंपरच्या मधून सायकल काढावी लागते, हे पाहता मागणी रास्तच आहे.

मात्र जमीन जलसंपदा विभागाची आहे आणि त्या विभागाची बाजूही तितकीच खरी आहे. काठावरची वाट मुळात पाहणी व दुरुस्तीसाठी राखलेली. गाळ काढायला पोकलेन उभा राहिला की शेजारून पायी जाणेही अवघड होते. २७ सप्टेंबर २०१८ रोजी याच कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पूल परिसरातल्या वस्तीत पाणी शिरून संसार वाहून गेले. भगदाड बुजवायला यंत्र वेळेत पोहोचले पाहिजे. शिवाय पुढे दौंड, इंदापूरची शेती याच पाण्यावर आहे. तिथल्या शेतकऱ्याने शहराच्या सोयीकडे साशंकतेने पाहिले तर त्याला दोष देता येत नाही.

खरी अडचण हक्काच्या स्वरूपात आहे. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यानुसार साधी परवानगी सहसा केव्हाही काढून घेता येते. अशा भरवशावर महापालिकेने लोकांचा पैसा का ओतावा? दुसरीकडे, त्याच कायद्याचे कलम ६० सांगते, की परवानगीवर विसंबून कुणी खर्च करून कायमस्वरूपी बांधकाम केले, तर ती परवानगी मागे घेता येत नाही. म्हणजे एकदा काँक्रीट पडले की जमीन हातची जाईल, ही अधिकाऱ्यांची धास्ती निराधार नाही.

काठावर राहणाऱ्यांचाही विचार हवा. मुंबईत तानसा जलवाहिनीच्या सुरक्षेसाठी लगतची वस्ती हटवली गेली, मोकळ्या जागेवर सायकलमार्ग आखला गेला आणि अनेक कुटुंबे माहुलच्या प्रदूषणात जाऊन पडली. त्यांचे गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत गेले. जलवाहिनी सुरक्षित ठेवणे गरजेचे होतेच. पण मार्गासाठी घरे हलवावी लागत असतील, तर पुनर्वसन आधी व्हायला हवे.

हे सारे जमेस धरूनही आमचा कौल मार्गाच्या बाजूने आहे. राखणीविना पडलेल्या काठावर राडारोडा साचतो, अतिक्रमण होते. रोजची वर्दळ असली की गळतीही लवकर नजरेस येते. मात्र नुसते ‘ना हरकत’ पत्र पुरेसे नाही. ठरावीक मुदतीचा लेखी करार व्हावा. दुरुस्तीच्या काळात मार्ग बंद ठेवण्याचा विभागाचा अधिकार, काँक्रीटऐवजी उचलता येणारे फरसबंदीचे ठोकळे, दिवाबत्ती व देखभालीची महापालिकेवरची जबाबदारी आणि मुदतीनंतर भरपाईचा दावा न करण्याची हमी, हे सारे त्यात स्पष्ट लिहावे. कायमचा हक्क मागणाऱ्या सायकलप्रेमींना हे अपुरे वाटेल. तरीही जलसंपदा विभाग आणि महापालिकेने आधी एका टप्प्यापुरता असा करार करावा आणि त्याचा मसुदा नागरिकांच्या हरकतींसाठी खुला ठेवावा.